लोकमताचा रेटा आणि १९६२

युद्धाचा निर्णय केवळ लष्करी गणितावर होतो, हे एका लेखातील प्रतिपादन मला पटले नाही; १९६२ च्या चीन युद्धामागे लोकमताचा रेटाही होता. ईशान्य सीमेवरील लोंगजू येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, सप्टेंबर १९५९ मध्ये, नेहरूंनी चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेपुढे ठेवला. ऑक्टोबरमध्ये लडाखमधील कोंगका खिंडीत चिनी सैन्याकडून आपले पोलीस मारले गेले आणि त्यावर संसदेत व वृत्तपत्रांत जो संताप उसळला, त्यामुळे सीमेबाबत देवाणघेवाणीची भाषा करणेही सरकारला जड जाऊ लागले. १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय सीमाप्रश्नावरील चर्चेनंतर दिल्लीहून रिकाम्या हाताने परतले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते, असे मला वाटते. पुढे याच दबावाखाली थंडीचे पुरेसे कपडे नसलेले जवान उंचावरच्या चौक्यांवर धाडले गेले. याउलट १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लगेच कारवाई करावी असा दबाव असतानाही लष्करप्रमुख माणेकशांनी तयारीसाठी वेळ मागितला आणि इंदिरा गांधींनी तो दिला.

मी खडकीचा रहिवासी आहे. येथील जखमी सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रातील, कमरेखालची संवेदना गमावलेले जवान चाकांच्या खुर्च्या स्वतःच्या हातांनी रेटत जाताना मी अनेकदा पाहिले आहेत, आणि म्हणूनच रात्री वाहिन्यांवर ‘आता धडा शिकवाच’ असे ओरडणाऱ्या चर्चा मला ऐकवत नाहीत.