पोर्टल परचेसच्या टेबलापर्यंतच

कंपन्यांनी पुरवठादारांकडून माल घ्यायला ऑनलाइन खरेदी आणली की व्यवहार पारदर्शक होतो, असं तुमच्याकडच्या लेखात म्हटलंय. अर्धं खरं आहे. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप, बुश आणि पिना (यंत्राचे छोटे सुटे भाग) लेथवर टर्न करून देतो. महापेच्या एका कंपनीने पोर्टल आणलं. कोटेशन ऑनलाइन, रिव्हर्स ऑक्शन (कमीत कमी रेटची बोली) ऑनलाइन, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर मेलवर. छान! पण टेम्पो गेटवर पोचला की चलनाच्या कागदी प्रती, वॉचमनचा शिक्का, आणि स्टोअरवाला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कधी चढवेल ते त्याच्या मर्जीवर. जीआरएन नाही तोवर पोर्टल बिल घेतच नाही.

लहान उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ चा आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. ट्रेड्सवर (लहान उद्योगांच्या बिलांवर बँका-वित्तसंस्था पैसे देतात ती ऑनलाइन व्यवस्था) बिल टाकून आधी पैसे उचलता येतात, पण खरेदीदाराने ते मान्य केलं तरच! म्हणजे गाडी पुन्हा स्टोअरपाशीच अडते.

आणि ऑक्शनमध्ये फक्त रेट दिसतो. ईएन-८ (जास्त मजबूत पोलाद) मागवलं असताना साधं एमएस (माइल्ड स्टील) टेकवणारा एल-वन म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला ठरतो, आम्ही टेस्ट सर्टिफिकेट जोडून बाहेर. (परचेसवाल्या पोरांचा दोष नाही, त्यांना बचतीचा आकडा दाखवावा लागतो.) सॉफ्टवेअर घेताना स्टोअर, क्वालिटी आणि अकाउंट्सवाल्यांना कुणी विचारतं का, हे लेखात यायला हवं होतं.