डोक्यातली वीज नेमकी केव्हा चमकली: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ताई,

नैराश्यावरील औषधांबद्दलचा माझा लेख वाचून आपल्या धाकट्या भावाने तीन आठवड्यांपूर्वी सुरू केलेली गोळी बाजूला ठेवली, असे आपण कळवले आहे. असे लेख डॉक्टरांनी लिहावेत, रुग्णांनी लिहू नयेत, असाही आपला आक्षेप आहे. भावाच्या बाबतीत दोष माझा आहे. दुसरे म्हणणे मात्र मला पटत नाही.

‘डोक्यात वीज चमकल्यासारखे होते’ हे वाक्य मी मळमळ आणि घाम यांच्या जोडीला लिहिले, ही माझी चूक. ती वीज गोळी घेतल्याने नव्हे, गोळी सोडल्याने चमकली होती. त्या वर्षी गणेश चवथीला आम्ही पाच दिवस गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी होतो. एका खोलीत दहा माणसे झोपणार आणि पिशवी कोणीही उघडणार, म्हणून एस्सिटालोप्राम या माझ्या नैराश्यावरील गोळीची पट्टी मी मुद्दामच डिचोलीच्या घरी ठेवून गेलो. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी मान वळवली की क्षणभर करंट लागल्यासारखे होऊ लागले, तोल जाऊ लागला, आणि गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीतल्या एका तोरिंगावरून मी पुतण्यावर नको तितका ओरडलो. काकीने जागरणाला दोष दिला. मी मात्र अर्धांगवायूच्या भीतीने गप्प होतो. परतल्यावर डॉक्टरांनी समजावले की या औषधाचे रक्तातले प्रमाण साधारण ३० तासांत निम्मे होते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत ते बरेच खाली येते आणि त्याच्याशी जुळवून घेतलेल्या मेंदूला तो बदल झेपत नाही. फ्लुओक्सेटिन हे याच गटातले दुसरे औषध शरीरात कितीतरी अधिक दिवस रेंगाळते, म्हणून ते सोडताना हा त्रास सहसा कमी असतो. थांबवायची वेळ आली तरी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, ती याचसाठी.

सुरुवातीच्या आठवड्यांतली मळमळ ही वेगळी गोष्ट आहे. ही औषधे सेरोटोनिन या शरीरातल्या संदेशवाहक रसायनावर काम करतात आणि ते बहुतांशी आतड्यांत असते, तेव्हा तक्रार आधी पोटाने करावी यात नवल नाही. बहुतेकांची ती काही दिवसांत ओसरते. गुण येण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात, म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर, असा हा उलटा व्यवहार आहे. आपला भाऊ नेमका त्याच टप्प्यावर होता.

आता रुग्णांनी लिहावे की नाही याविषयी. भजनाला बसलो की मला एकामागून एक जांभया येत, आणि यजमानांची समजूत होई की मी कंटाळलो आहे. हाही औषधाचाच परिणाम असू शकतो हे मला कोणी सांगितले नाही, कारण मी कोणाला विचारलेच नाही. आईच्या श्राद्धाला डोळे कोरडे राहिले तेव्हा मी स्वतःलाच निर्दय ठरवले. संसारातली इच्छा मावळल्याचे तर वर्षभर ना पत्नीशी बोललो ना डॉक्टरांशी. बोललो तेव्हा मात्रा कमी झाली आणि पुष्कळसा फरक पडला. तपासणीच्या पाच मिनिटांत ज्या गोष्टी तोंडातून निघत नाहीत, त्या कोणीतरी लिहून ठेवायला हव्यात, असे मला अजूनही वाटते.

गोळी निरुपयोगी आहे असे मी म्हटलेले नाही. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली एक चाचणी आपल्या गोव्यातल्याच जिल्हा रुग्णालयांत झाली होती. तीत फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांना पहिल्या दोन महिन्यांत औषधविरहित गोळीपेक्षा अधिक गुण आला. पुढे वर्षअखेरपर्यंत मात्र तो फरक दिसला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच दुसऱ्या एका चाचणीत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांशी काही बैठकांत बोलण्याचाही उपयोग दिसून आला. हे दोन्ही लेखात यायला हवे होते.

लेखातला तो परिच्छेद मी आज दुरुस्त केला आहे. गोळी किती दिवस चुकली ते मोजून भावाला आजच डॉक्टरांना फोन करायला सांगावे. पुन्हा सुरू करायची की नाही आणि किती मात्रेने, हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.