‘फ्रेंडली!’ ओरडणाऱ्याच्या बाजूने

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘डेझी’ या अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन गेममधल्या ‘फ्रेंडली! फ्रेंडली!’ (म्हणजे ‘मी मित्र आहे, मारू नका’) या आरोळीवर लिहिताना मी विश्वासघाताचं कौतुक केलं. मुळात ती यूट्यूबवाल्यांनी चालवलेली टूम, आणि ओठात एक, पोटात एक ठेवणाऱ्यांना डोक्यावर घेण्यात कसला आलाय विनोद?

यूट्यूबने ती घरोघरी पोचवली, कबूल. पण ती जन्मली गेममधल्या चेर्नारुस या काल्पनिक देशाच्या किनाऱ्यावर. २०१२ मध्ये डीन हॉलने ‘आर्मा २’ या युद्धाच्या गेमवर ‘डेझी’ हा मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून केलेला नवा खेळ, रचला. गडी न्यूझीलंडच्या सैन्यातला, ब्रुनेईच्या जंगलातल्या प्रशिक्षणात उपासमार सोसलेला. त्यामुळे इथे झोंबींच्या जोडीला भूक कायम मागे लागलेली. मुलूख सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा, आणि मेलात की जमवलेलं सगळं गेलं, पुन्हा रिकाम्या हाताने किनाऱ्यावर. सुरुवातीला नव्या खेळाडूला निदान मकारोव पिस्तूल मिळायचं. पुढे तेही काढून घेतलं. मग उरलं काय? बँडेज, वेदनाशामक गोळ्या, टॉर्च आणि माइकवरचा स्वतःचा आवाज. त्याने ओरडू नये तर काय करावं?

आता गेममधल्या चेर्नोगोर्स्क शहराच्या सुपरमार्केटात या. तुम्ही खाणं शोधताय आणि मांडणीच्या पलीकडे पावलं वाजतात. ‘फ्रेंडली?’ तुम्ही विचारता. ‘फ्रेंडली!’ तिकडून उत्तर येतं. दोघांच्याही बंदुका रोखलेल्याच. समोरचा आपल्या बाजूचा की शत्रू, हे ठरवणारा ना संघ, ना गणवेश. जो आधी बंदूक खाली करतो, तो बहुधा आडवा होतो, आणि त्याच्या पाठपिशवीत निघतो बीन्सचा एक डबा. ‘बीन्ससाठी मारलं’ हा दुसरा विनोद इथलाच. एलेक्ट्रोझावोद्स्क या दुसऱ्या शहरात तर त्याहून वाईट. टेकडीवर दुर्बिणीची बंदूक घेऊन कोणीतरी पडलेला, खालून आपण घसा फोडतोय, आणि जवळच्यांसाठी असलेला तो आवाज तिथवर पोचतच नाही!

विश्वासघाताला आळा घालायचा प्रयत्न झालाही. मॉडमध्ये माणुसकीचा आकडा होता. इतरांना मारत सुटलात की तो घसरायचा आणि तुमचा वेश बदलून दरोडेखोराचा व्हायचा. पण जीव वाचवायला गोळी झाडणाराही त्यात सापडायचा, म्हणून मधल्या काळात ते वेश बदलणं काढलंही. कोण खरा, कोण खोटा, हे ठरवणं शेवटी खेळाडूंच्याच गळ्यात आलं.

म्हणून मला ‘कौतुक’ हा शब्द पटत नाही. हा विनोद सांगतं कोण? बहुतेक वेळा गोळी खाल्लेलाच. तासन्‌तास जमवलेलं सामान एका शब्दावर विसंबून घालवलं, की दुसऱ्या दिवशी मित्रांत तोच शब्द त्याच सुरात म्हणून दाखवायचा. आणखी करणार काय! मारणाऱ्याला त्यात टाळी मिळत नाही. उलट शब्द इतका बदनाम झाला की त्यावर कोणी थांबेना. नुसतं ‘फ्रेंडली’ म्हणणाराच संशयित. मग सज्जनांनी वेगळे पुरावे शोधले. आधी स्वतःची बंदूक खाली करायची, पाठ फिरवून उभं राहायचं, नाहीतर आपल्या बीन्सचा डबा जमिनीवर ठेवून चार पावलं मागे सरकायचं.

मुलांनी हा गेम खेळण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर वाद नाही. हा गेम लहान मुलांसाठी नाहीच.

राहिला तो तुम्ही पाठवलेला व्हिडिओ, ज्यात एकाला हातकड्या घालून सडकी फळं खायला लावतात. हातकड्या २०१३ च्या अखेरीस विक्रीला आलेल्या नंतरच्या स्वतंत्र ‘डेझी’ गेममधल्या. मलाही त्यात हसू आलं नाही. पण नीट ऐका, त्यात ‘फ्रेंडली’ कोण म्हणतंय? हातकड्या घालणारे नव्हेत. ज्याला घातल्यात, तो.