'व्हीएलसीत चालतं, मग प्रीमियरमध्ये का नाही?' – तुमच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला होता. आधी जॉब कार्ड काढलं, तुमच्या कॉम्प्युटरवर काम केलेल्या आमच्या दुकानातल्या मुलाला समोर बसवून सगळं विचारून घेतलं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुमची तक्रार थोडक्यात अशी: बाराशे रुपये घेतले तरी लग्नाच्या क्लिप्स व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात, पण प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर अडकतातच, न विचारता सॉफ्टवेअर काढून टाकलं, त्यात जुना प्रोजेक्ट गेला, क्लिप्स नुसत्या कन्व्हर्ट करून दिल्या आणि वर 'कॅमेरा बदला' म्हणून ग्राहकाला वेड्यात काढलं.

न विचारता काढलं, हे खरं आहे. चूक आमची आहे आणि मी तुमची माफी मागतो. तुमच्या मशीनवर नेटवरून उतरवलेले दोन कोडेक पॅक होते (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारा आणि परत उलगडणारा प्रोग्रॅम). त्यांच्यामुळे प्रीमियर उघडतानाच लटकत होतं. ते काढल्यावर उघडायला लागलं, म्हणून मुलाला वाटलं काम झालं. पण त्याच झटक्यात त्याने तुम्ही वेगळा टाकलेला लॅगरिथ कोडेकही काढला. तुमच्या जुन्या लग्नाच्या एव्हीआय फाइल्स त्याच कोडेकमध्ये आहेत. तो गेला आणि प्रोजेक्टमधली प्रत्येक क्लिप लाल होऊन 'ऑफलाइन' दिसू लागली. काढण्याआधी यादी करायची, ग्राहकाला दाखवायची, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. तो इथे पाळला गेला नाही.

प्रोजेक्ट मात्र गेलेला नाही. तपासायला घेतलेली तुमची एक एव्हीआय क्लिप आमच्याकडे राहिली होती. काल तोच कोडेक आमच्या मशीनवर टाकून पाहिला, क्लिप नीट चालली, आवाजासकट. फाइल्स जशाच्या तशा आहेत, फक्त त्या वाचणारा कोडेक निघून गेलाय. तो परत टाकेपर्यंत कृपा करून त्या फाइल्स हलवू नका, डिलीट करू नका आणि प्रीमियरमध्ये पुन्हा जोडत (रिलिंक करत) बसू नका.

आता नव्या क्लिप्सबद्दल. इथे मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण 'व्हीएलसीत चालतं, मग तुमच्याकडे का नाही' हा प्रश्न दर सीझनला अनेक फोटोग्राफर मित्र विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. तुमच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइल्सना शेवटी एमपी४ च लिहिलेलं असतं. आतला माल वेगळा. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवी क्लिप टाकली तर एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत), ४:२:२ (रंग किती बारकाईने साठवलाय), १० बिट (रंगाच्या किती छटा) असं दिसतं. जुना कॅमेरा द्यायचा एच.२६४ (तशीच, पण आधीची पद्धत), ४:२:०, ८ बिट. आठ पिक्सेलच्या एका तुकड्यात ४:२:० मध्ये रंगाचे जितके नमुने साठवतात, त्याच्या दुप्पट ४:२:२ मध्ये असतात. शालूचा रंग ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटनंतर रंग सुधारताना, ताणता येतो तो त्यामुळेच. पण ही फाइल उलगडणारं हार्डवेअर तुमच्या मशीनमध्ये नाही. तुमचं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. एनव्हीडियाच्या कार्डांत ४:२:२ डीकोड करायची सोय आली ती ५० सिरीजपासून, म्हणजे २०२५ मध्ये. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये ही सोय आहे, पण ती आतल्या ग्राफिक्समध्ये असते. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या १२व्या पिढीचा, १२४००एफ. शेवटी 'एफ' असलेल्या इंटेलमध्ये ते आतलं ग्राफिक्सच नसतं. मग सगळा भार प्रोसेसरच्या कोअर्सवर पडतो. व्हीएलसीला एकच क्लिप सरळ पुढे चालवायची असते, तेवढं निभतं. टाइमलाइनवर तीन कॅमेरे एकावर एक, त्यात तुम्ही मागे-पुढे उड्या मारणार. एचईव्हीसीमधली बहुतेक प्रत्येक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेम्सवर अवलंबून असते, त्यामुळे एक फ्रेम दाखवायला कित्येक फ्रेम्स उलगडाव्या लागतात. तिथे मशीनचा दम लागतो. कोडेक पॅक कितीही टाकले तरी यात फरक पडत नाही, कारण प्रीमियर अशा फाइल्ससाठी त्या पॅककडे बघतच नाही.

तो 'एफ' प्रोसेसर दोन वर्षांपूर्वी मीच सुचवला होता, पैसे वाचावेत म्हणून. तेव्हाच्या कॅमेऱ्याला तो पुरत होता. पुढे कोणता कॅमेरा घ्यायचा विचार आहे, एवढं मी विचारायला हवं होतं.

कॅमेरा बदलायची काहीही गरज नाही. मुलाला म्हणायचं होतं कॅमेऱ्याचं सेटिंग, पण तो काय बोलला आणि तुम्हाला काय ऐकू आलं, त्याची जबाबदारी माझीच. तुमच्या नव्या सोनी कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस या एचईव्हीसी फॉरमॅटच्या मेनूमध्ये ४:२:० १० बिट हा पर्याय आहे. तो ठेवलात तर तुमचं आहे तेच ग्राफिक्स कार्ड ती फाइल उचलेल. लग्नाच्या कामाला मी तेच वापरा म्हणेन. हिरव्या पडद्यासमोर शूट करायचं असेल तेव्हा ४:२:२ लावा.

कन्व्हर्ट करून दिलं ते जुगाड नव्हतं, पण ते समजावून सांगितलं नाही. सोनीच्या क्लिप्सच्या आम्ही १०८०पी प्रोरेस प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी हलक्या नकला, केल्या, एका तासाला साधारण १७ जीबी जागा लागते. एडिट प्रॉक्सीवर होतं, एक्स्पोर्ट मूळ फाइलमधूनच निघतं. प्रीमियरमधलं टॉगल प्रॉक्सीचं बटण (मूळ की नक्कल दाखवायची ते ठरवणारं) चालू नसेल तर मूळ क्लिप्सच चालतात आणि त्या अडकतात. मला वाटतं तुमच्याकडे तेच झालंय. नातेवाइकांच्या आयफोनवरच्या क्लिप्सचं दुखणं वेगळं होतं. फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतो, म्हणून तुमच्या टाइमलाइनवर भटजींचं 'सावधान' आधी ऐकू येत होतं आणि अंतरपाट नंतर सरकत होता. त्या क्लिप्स स्थिर फ्रेम रेटला आणून दिल्या. तो भाग एकदा बघा, आता जुळलेला आहे.

तुमचे बाराशे रुपये परत करतो आहे. मशीन घेऊन या, किंवा सांगलीच्या आसपास असाल तर मीच येतो. लॅगरिथ परत टाकून तुमचा जुना प्रोजेक्ट तुमच्यासमोर उघडून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. प्रोसेसर बदलायचा ठरलं तर 'एफ' नसलेला १२४०० तुमच्या त्याच बोर्डवर बसतो. जुना मी परत घेईन. पण आधी ते कॅमेऱ्याचं सेटिंग करून एक कार्यक्रम शूट करून बघा, कदाचित तो खर्च लागणारच नाही.

बुधवारी दुकान बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी दहानंतर मी स्वतः काउंटरवर असतो. येताना जुन्या प्रोजेक्टची हार्ड डिस्क आणि कॅमेऱ्याचं एक मेमरी कार्ड आठवणीने आणा.