चोक काढा हो, चोक!

जिन्याच्या दारावर कागद: ‘सोसायटी आता एलईडी.’ आणि तिसऱ्या मजल्यावर जुन्या ट्यूबच्याच पट्टीत बसवलेली एलईडी नळी गणपतीच्या माळेसारखी लुकलुकतेय. महिनासुद्धा झालेला नाही. समितीचा निकाल तयार, एलईडीच भंगार!

पट्टी उघडून बघा की आधी. आत चोक आहे, जुन्या ट्यूबचा करंट आवरणारा डबा. बाकी जिन्यात तांब्याच्या तारेचे जुने चोक, इथे मात्र कधीतरी कुणीतरी इलेक्ट्रॉनिक चोक टाकलेला. तो हजारो हर्ट्झवर वीज सोडतो आणि नळीतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, बनलाय घरातल्या ५० हर्ट्झसाठी. लुकलुकेल नाहीतर काय करेल?

तांब्याच्या चोकवर काही नळ्या चालतात, जुन्या स्टार्टरच्या जागी सोबतचा डमी स्टार्टर लावला तर. मान्य. पण पट्टी उघडलीच आहे तर दहा मिनिटं जास्त द्या ना!

एका बाजूने सप्लाय घेणारी नळी असेल तर मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, चोक आणि स्टार्टर दोन्ही काढा. फेज आणि न्यूट्रल एकाच होल्डरच्या दोन पिनांना द्या, दुसरा होल्डर नुसता आधाराला. नळीवर कुठल्या टोकाला L-N (फेज-न्यूट्रल) छापलंय ते वाचा, आंधळेपणाने खुपसू नका. मग पट्टीवर मार्करने लिहा: ‘फक्त एलईडी’. उद्या कुणी जुनी ट्यूब लावली तर तिच्या फिलामेंटवर थेट २३० व्होल्ट जातील आणि फट्‌! आणि बटण बंद करूनही नळी मंद पेटत राहिली तर बहुधा स्विच न्यूट्रलवर आहे. तो फेजवर घ्या. हे एलईडीपुरतं नाही, जिवापुरतं आहे.

हिशेब सोपा आहे. ३६ वॉटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ५० च्या आसपास खाते, एलईडी २०. अशा ४० नळ्या रोज १२ तास म्हणजे दिवसाला १४.४ युनिट वाचले. एवढं वाचत असताना चोक काढायच्या मजुरीवर घासाघीस?

खरंतर वायरमनवर तरी किती चिडायचं! नगावर भाव ठरवला की तो नळी फिरवून पुढच्या मजल्यावर जाणारच. कामाच्या कागदावर ‘चोक काढून सरळ वायरिंग’ एवढे चार शब्द असते, तर तिसरा मजला आज शांत असता.

छत थोडं काळोखं वाटेल, एलईडी उजेड खालीच टाकते. जिन्यात कोण छत बघतंय?

आणि त्या काढलेल्या ४० नळ्या गच्चीवर टाकीला टेकून उभ्या आहेत. आत पारा आहे. पोरांचा चेंडू लागायच्या आत खोक्यात भरून ई-कचरावाल्याला द्या.