‘आधी पेन्शन, मग भाषणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

अपंगांना निवेदन लिहायला आणि ग्रामसभेत उभं राहून बोलायला शिकवणाऱ्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शिबिराबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की पेन्शन वेळेवर मिळत नाही तिथे भाषणं शिकवून काय साधणार? आणि सीमाभागात धडधाकट मराठी माणसाच्या अर्जाला कुणी विचारत नाही, तिथे अपंगाचं कोण ऐकणार? निवृत्त शिक्षक म्हणून तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पेन्शन आधी, याबद्दल वाद नाहीच. पण पेन्शन कुणाला द्यायची हे ठरवायला माणसं मोजावी लागतात. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. २००१ लाही तो गळणार होता. स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी सरकारच्या मागे लागले, रस्त्यावर बसले, तेव्हा तो प्रश्न आला आणि २ कोटी १९ लाख माणसं कागदावर दिसली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. थॅलेसेमियाचं मूल, ॲसिड हल्ल्यात भाजलेली बाई यांना त्यात जागा मिळाली. ही माणसं बोलली नसती तर आज कुणाची पेन्शन मागत बसलो असतो आपण?

आता गावातलं सांगतो. आमच्याकडे एक टेलर आहेत, लहानपणी पोलिओ झालेले. ग्रामसभा भरायची पहिल्या मजल्यावर. पोरं म्हणायची, “मामा, उचलून नेतो की.” ते म्हणायचे, “मी काय तांदळाचं पोतं आहे?” आणि खालीच बसायचे. शिबिरानंतर त्यांनी काय केलं, तर पायऱ्या मोजल्या. चौदा. कठडा एकाच बाजूला. एवढंच लिहिलं, एका बाजूला कन्नड, मागे मराठी, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घेतली. पुढची सभा शाळेच्या पटांगणात झाली. तिथे त्यांनी विचारलं, पंचायतीच्या निधीतले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात, यंदा किती झाले? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पण प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेलाय, आणि तो त्यांनी स्वतः वाचून खात्री केली.

भाषेचं तुम्ही लिहिलंत ते मात्र अगदी खरं आहे आणि अपंगाला ते दुप्पट जाचतं. आमच्या ओळखीच्या एका दृष्टिहीन मुलीला मराठी आणि कन्नड दोन्ही ब्रेल वाचता येतं. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सामाईक ब्रेल लिपीत, ‘क’ दोन्हीकडे त्याच दोन ठिपक्यांचा, त्यामुळे लिपीचा अडसर तिच्या बोटांना नाही. पण कचेरीतून व्हॉट्सॲपवर येतं ते स्कॅन केलेलं पत्रक. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या तिच्या फोनला ते नुसतं चित्र. फोन गप्प. मुदत टळून गेल्यावर शेजारणीकडून कळतं. मजकूर टाईप करून पाठवा, कन्नडबरोबर मराठीतही पाठवा, हे तिचं म्हणणं आहे. तिच्याऐवजी मी मांडलं असतं तर ‘मराठीतून द्या’ एवढ्यावरच थांबलो असतो. फोनचं मला सुचलंच नसतं.

बेंगळूर आपल्याला लांब पडतं, हेही कबूल. पण हिवाळी अधिवेशनाला सगळं सरकार बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये आपल्या दारात येतं, तेही बहुतेक डिसेंबरातच, जागतिक अपंग दिनाच्या आसपास. तेव्हा आपली माणसं आपले कागद घेऊन तिथे पोचायला हवीत.

एका बाबतीत चूक माझी. शिबिरात दोन कर्णबधिर मुलं होती आणि खुणांची भाषा जाणणारं कुणीही नव्हतं. ती दिवसभर नुसती बसून राहिली. मी ते लेखात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

आणि एक विनंती. तुमचं कन्नड पक्कं आहे हे तुमच्या प्रतिक्रियेतूनच कळलं. टेलरमामांनी आता दवाखान्यातल्या शौचालयाचं दार मोजून आणलंय, बावीस इंच. व्हीलचेअर आत जात नाही. हे कन्नडमध्ये नेमकं कसं मांडायचं यावर अडलोय. रविवारी सकाळी त्यांच्या दुकानात बसणार आहोत. येता का?