देवघरातली रोकड आणि कोनाड्यातला फोन

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या आईला माळा साफ करायचं सुचतं. काल चढलो. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या जुन्या दोऱ्या, फुटकी समई आणि त्याखाली आमचा पहिला फोन. तबकडीचा. तबकडीला लावलेलं छोटं कुलूप अजून तसंच आहे, किल्ली कुठे गेली देव जाणे. तो खाली आणला, पुसला, आणि मला एकदम सुखराम आठवले.

पंचविशीतल्या पोरांना हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. पंडित सुखराम, हिमाचलमधल्या मंडीचे. 1993 ते 96 नरसिंह रावांच्या सरकारात दूरसंचार खात्याचे मंत्री. 31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तो कलकत्त्याहून ज्योती बसूंनी केला आणि दिल्लीत उचलला तो याच सुखरामांनी. इतिहासात तेवढ्यावरच राहिले असते तर फोटो भिंतीवर लागला असता.

16 ऑगस्ट 1996 ला सीबीआयने त्यांच्या घरांवर धाड घातली. दिल्ली आणि मंडी मिळून साडेतीन कोटींच्या वर रोकड. पिशव्यांत, सुटकेसमध्ये, आणि त्यातली काही चक्क देवघरात. श्रावणातला पहिला शुक्रवार होता तो. आमच्याकडे आई जिवतीची पूजा मांडत होती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा तिला पैशाचं काहीच वाटलं नाही, 'देवघरात?' एवढंच दोनदा म्हणाली.

बाबा डिचोलीत हायस्कुलात शिक्षक. पगार तेव्हा महिना सहा हजार. त्यांनी पेपरच्या कडेला पेन्सिलीने भागाकार केला. तीन कोटी साठ लाख भागिले सहा हजार, म्हणजे सहा हजार महिने, म्हणजे पाचशे वर्षं. म्हणाले, "1510 मध्ये तो पोर्तुगीज आल्बुकेर्क गोव्यात उतरला त्या दिवशी मी नोकरीला लागलो असतो, एक पैसा खर्च केला नसता, तरी आज चौदा वर्षं कमीच पडली असती." मग हेच गणित त्यांनी म्हापशाच्या मामाला फोन करून सांगितलं. मोठमोठ्याने, हसत, शिव्या घालत. कोनाड्यातल्या त्याच फोनवरून.

आता तो फोन आमच्याकडे आला कसा ते सांगतो, आणि हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. अर्ज भरून पाच वर्षं झाली होती. नंबर लागायचं नाव नाही. त्या काळी ते सगळीकडेच तसं होतं. मग बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो एका पुढाऱ्याच्या मागेपुढे असायचा, एक चिठ्ठी आणून दिली. चार ओळींची शिफारस. चवथीच्या आत फोन लागला. पैसे दिले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत. पण आमच्या पुढे रांगेत असलेल्यांपैकी कोणीतरी एक घर मागे सरकलं असणार. ते घर कोणाचं, याची बाबांनी कधी चौकशी केली नाही. माझ्यासमोर तरी नाही.

बरं, सुखरामांचं पुढे काय झालं? आपल्याला वाटतं धाड पडली म्हणजे माणूस संपला. तसं नसतं हो. पैसे पक्षाचे, असं त्यांचं म्हणणं होतं. काँग्रेसने हाकललं. त्यांनी 1997 मध्ये हिमाचल विकास काँग्रेस नावाचा स्वतःचा पक्ष काढला. 1998 च्या निवडणुकीत त्याला पाच जागा मिळाल्या, आणि काँग्रेस-भाजपचं पारडं असं काही सारखं झालं की त्या पाच जणांशिवाय कोणाचंच सरकार बनेना. सुखरामांच्याच खात्यातल्या दूरसंचार घोटाळ्याच्या आरोपांवरून 1995 चं हिवाळी अधिवेशन भाजपने दिवसच्या दिवस बंद पाडलं होतं. आता त्याच सुखरामांना बरोबर घेऊन भाजपचे धुमल मुख्यमंत्री झाले. धाडीला दोन वर्षंही झाली नव्हती.

शिक्षा आल्या त्या सावकाश, रांगत. 2002 मध्ये पहिली, तीन वर्षांची. हैदराबादच्या एका कंपनीला दिलेल्या कंत्राटात सरकारचं नुकसान केल्याबद्दल. आणि 2003 मध्ये त्यांच्या पक्षाचा एकमेव आमदार निवडून आला, तो म्हणजे ते स्वतः. मग पक्ष काँग्रेसमध्ये विलीन. देवघरातल्या पैशांचा, म्हणजे बेहिशेबी मालमत्तेचा निकाल लागला 2009 मध्ये, धाडीनंतर तेरा वर्षांनी. 2011 मध्ये आणखी एक, केबलच्या कंत्राटापोटी तीन लाखांची लाच घेतल्याबद्दल पाच वर्षं. वय तोवर चौऱ्याऐंशी. 2012 च्या जानेवारीत रुग्णवाहिकेतून कोर्टात आले आणि तिहारला गेले. थोड्या दिवसांत जामीन. तोवर मुलगा हिमाचलात मुरलेला आमदार होता. त्याच वर्षाच्या शेवटी तो काँग्रेस सरकारात मंत्री झाला. 2017 मध्ये बापलेक भाजपमध्ये, तिथेही मुलगा मंत्री. 2019 मध्ये आजोबा नातवाला घेऊन परत काँग्रेसमध्ये, कारण नातवाला मंडीचं लोकसभेचं तिकीट हवं होतं. मिळालं, आणि तो पडला. 2022 च्या मे महिन्यात सुखराम गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन.

याला अधःपतन म्हणायचं का, मला खरंच कळत नाही.

काही वर्षांपूर्वी मनालीला गेलो होतो. ड्रायव्हर मंडीचा. मी मुद्दाम विषय काढला. तो खुलला. पंडितजींनी डोंगरातल्या कुठल्या कुठल्या गावात फोन नेला, त्याच्या आजीला दिल्लीतल्या मुलाचा आवाज पहिल्यांदा कसा ऐकू आला, सगळं सांगत बसला. मी म्हटलं, "और वो पैसे?" त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "वो तो दिल्ली का मामला था जी."

पुढच्या वळणापर्यंत मी मनातल्या मनात त्याला नावं ठेवत होतो. मग वाटलं, आपण तरी काय वेगळं बोलतो? 2015 मध्ये लुई बर्जर या अमेरिकन कंपनीने तिकडच्या कोर्टात कबूल केलं की तिने भारतासह चार देशांत लाच दिली, त्यात आपला गोव्यातला जपानी कर्जावरचा पाणी आणि मलनिस्सारण प्रकल्पही होता. एक कोटी एकाहत्तर लाख डॉलर भरून ती मोकळी झाली. देणारा कबूल झाला. घेतली कोणी, हे गोव्यात विचारलं की माणसं पेजेच्या वाटीत बघायला लागतात. अमेरिकेचा मामला!

आमच्या गोव्यातला मंत्रिपद सोडून तुरुंगात गेलेला माणूस म्हणून मला चटकन आठवतात ते मिकी पाशेको, आणि तो खटला पैशाचा नव्हताच. 2006 मध्ये वीज खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याच्या थोबाडीत मारली म्हणून. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 2015 मध्ये सहा महिन्यांची शिक्षा कायम राहिली. गालावरची थप्पड एका माणसाची असते, त्याला ती आठवते, तो नऊ वर्षं मागे लागतो. तिजोरीतून गेलेल्या पैशाला गाल नाही.

आणि गोवा केवढा? पंचवीस-तीस हजार मतांचा एक मतदारसंघ. आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, आजारी पडलात तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खाट बघून देतो. त्याला आपण 'भाई' म्हणतो. भाईवर गुन्हा नोंदला गेला तर आपल्याला राग येत नाही, काळजी वाटते. 2024 मध्ये पैसे घेऊन सरकारी नोकऱ्या देण्याच्या प्रकरणात पोलीस तक्रारींची रांग लागली, तेव्हा आमच्या वाड्यावर चर्चा काय होती माहीत आहे? 'पैसे दिले तेच चुकले' असं कोणी म्हणालं नाही. 'चुकीच्या माणसाला दिले' असं म्हणत होते. मीही मान हलवली होती.

तर काल फोन पुसत बसलो होतो, तेवढ्यात शेजारची वहिनी आली. तिच्या मुलाने एका खात्यात कारकुनाच्या जागेसाठी परीक्षा दिली आहे. पास आहे. हुशार आहे, माझ्यासमोर वाढलेला. "तुमची भाईंशी ओळख आहे मरे, एक शब्द टाकशात?" पैसे नकोत, काही नको, फक्त शब्द. बाबा असते तर काय म्हणाले असते हे मला चांगलं माहीत आहे, आणि काय केलं असतं तेही.

आई आतून म्हणाली, "घाल रे मेसेज. पोर चांगलं आहे."

रात्री साडेनऊला घातला. सकाळपासून चार वेळा बघून झालं. दोन खुणा आल्या आहेत, निळ्या अजून झाल्या नाहीत.